शुश्रूषा

मुलांनो, रुग्णालयात तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. कोणाचे आजोबा तेथे असतील, कोणाचा धाकटा भाऊ तापाने फणफणलेला असेल. या खाटेकडून त्या खाटेकडे लगबगीने जाणारी परिचारिका तुम्ही पाहिली असेल. ती नाडी पाहते, ताप मोजते, सुई टोचते, कडू औषध घोटभर पाण्याबरोबर गिळायला लावते. 'परिचारिका काय करते?' असा प्रश्न मी वर्गात विचारीत असे, तेव्हा मुले अशीच उत्तरे देत, आणि ती उत्तरे काही चुकीची नव्हती. पण ज्या रुग्णाला आता कोणतेच औषध बरे करू शकत नाही, त्याच्या खाटेपाशी ती काय करते? त्या खाटेभोवती जी माणसे मुकाट्याने उभी असतात, त्यांच्यासाठी ती काय करते? हा प्रश्न मी कधी विचारला नाही, कारण त्याचे उत्तर मलाच ठाऊक नव्हते. ते मला माझ्या एका विद्यार्थ्यामुळे कळले.

१९८९ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट आहे. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी शिक्षक होतो. सातवीच्या वर्गात बारा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव येथे सांगत नाही. आज तो चार माणसांत वावरणारा गृहस्थ आहे आणि त्याचे दुःख हे त्याचे स्वतःचे आहे. वडील कोरडवाहू शेतकरी. पावसाळा सरता सरता त्यांचे यकृताचे दुखणे विकोपाला गेले आणि त्यांना जिल्ह्याच्या गावी रुग्णालयात न्यावे लागले. एके दुपारी मुलाच्या काकांचा शाळेत निरोप आला, 'पोराला घेऊन या.' अशा निरोपाचा अर्थ मोठ्या माणसांना न सांगता समजतो. मी मुलाला घेऊन एस.टी.त बसलो. दीड तासाच्या प्रवासात मी त्याच्याशी पाऊस, पीक, सहामाही परीक्षा अशा सगळ्या विषयांवर बोललो. एका विषयावर तेवढा बोललो नाही.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात काका भेटले. तोवर त्यांचा विचार बदलला होता. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, आणलंत खरं, पण आत नको न्यायला. लहान आहे. बापाला असा पाहून भ्यायचा." मलाही ते पटले. मुलाला बाकावर बसवून आम्ही दोघे उभे राहिलो.

इतक्यात वॉर्डातून एक सिस्टर बाहेर आल्या. चाळिशीच्या असाव्यात. आमच्याशी बोलण्याआधी त्या सरळ त्या मुलाशेजारी बाकावर जाऊन बसल्या. उभ्या राहून वाकल्या नाहीत, बसल्या. एवढी गोष्ट मात्र माझ्या तेव्हाही लक्षात आली. त्यांनी विचारले, "बाबांना भेटायचं आहे का तुला?"

मुलाने काकांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली.

"मग आत काय दिसेल ते आधी सांगते," सिस्टर म्हणाल्या. "बाबांचा चेहरा पिवळा दिसेल. पोट फुगलेलं दिसेल. हाताला नळी लावली आहे. श्वास घेताना घरघर आवाज होतो. ते डोळे उघडणार नाहीत, बोलणारही नाहीत कदाचित. पण तू बोललास तर त्यांना ऐकू येत असेल. तुला नको वाटलं तर लगेच बाहेर यायचं. कोणी रागावणार नाही."

मुलगा म्हणाला, "बरे होतील ना?"

काकांनी तोंड फिरवले. मी 'होतील, होतील' म्हणणारच होतो. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "नाही रे बाळा. आजार फार वाढला आहे. तो आता आम्हांला बरा करता येत नाही. बाबांचा मृत्यू होईल. आज, नाहीतर उद्या."

मला त्या बाईंचा राग आला. लहान मुलाशी असे उघडे शब्द बोलतात का, असे मला वाटले. मुलगा बराच वेळ जमिनीकडे पाहत होता आणि सिस्टर काही न बोलता त्याच्याजवळ बसून होत्या. कामाची घाई त्यांना नव्हती असे नाही. आतून दोनदा हाक आली होती. मग मुलाने विचारले, "त्यांना दुखतं का?"

"दुखू नये म्हणून औषध दिलं आहे. दुखतंय असं दिसलं तर आणखी देईन."

मुलगा उठला. आत त्याची आई खाटेला टेकून जमिनीवर बसली होती. सिस्टरांनी एका वाटीत पाणी आणि कापसाचा बोळा आणून मुलाच्या हाती दिला. "बाबांचे ओठ कोरडे पडलेत. हलक्या हाताने ओले कर." त्याने केले. हाताला काम मिळताच त्याच्या अंगातला थरकाप थांबला, हे मी दारातून पाहत होतो. थोड्या वेळाने तो वडिलांच्या कानाशी वाकून म्हणाला, "बाबा, आपली तांबू व्याली. कालवड झाली." वडिलांची बोटे हलली असे त्याच्या आईला वाटले. मला नीट दिसले नाही.

पहाटे ते गेले. सिस्टरांनी त्यांचे डोळे मिटले, तोंड पुसले, नळी काढली. हे सारे करताना त्या त्यांच्याशी बोलत होत्या, "दादा, आता हात सरळ करते हं." गेलेल्या माणसाशी कोणी इतक्या आदराने बोलताना मी तोपर्यंत पाहिले नव्हते. आईने हंबरडा फोडला. पलीकडच्या खाटेजवळचा कोणी म्हणाला, "शांत करा त्यांना." सिस्टरांनी खाटेभोवतीचा पडदा ओढला आणि म्हणाल्या, "रडू द्या." मुलाच्या पाठीवर हात ठेवून त्या एवढेच म्हणाल्या, "रडू आलं तर रड. बाबांसाठी रडण्यात लाज कसली?"

दहाव्याला मी त्यांच्या घरी गेलो. अंगणात माणसे बसली होती. मुलगा एका कोपऱ्यात हुंदके देत होता. मी त्याच्याजवळ गेलो, त्याच्या खांद्यावर थोपटले आणि आपल्याकडे वडीलधारी माणसे जे म्हणतात तेच म्हणालो, "रडायचं नाही. आता तूच घरातला कर्ता पुरुष." त्याचे रडणे तत्काळ थांबले. आपण त्याला धीर दिला असे समजून मी समाधानाने परतलो.

तो शाळेत येऊ लागला. पण वर्गात तो एक शब्दही बोलेना. हजेरीला हात वर करी, तेवढेच. कविता म्हणायला सांगितली की उभा राही आणि तसाच खाली बसे. तीन आठवडे असे गेले. एके दिवशी शाळा सुटल्यावर तो माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "गुरुजी, सिस्टर म्हणाल्या रड. तुम्ही म्हणालात रडू नको. मी कोणाचं ऐकू?"

मुलांनो, तोवर सात वर्षे मी शिकवीत होतो. पण त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या रविवारी मी पुन्हा जिल्ह्याच्या गावी गेलो आणि त्या सिस्टरांना भेटलो. त्यांनी मला काय सांगितले ते मी शेवटी सांगेन. हे सारे त्या कोठे शिकल्या, असे मी त्यांना विचारले होते. त्या म्हणाल्या, "खाटेवरची चादर कशी घालायची ते प्रशिक्षणात शिकले. खाटेजवळ कसं बसायचं ते आमच्या मोठ्या सिस्टरांना पाहून शिकले." मग त्या मोठ्या सिस्टर कोणाला पाहून शिकल्या असतील? या विचाराने मी या विषयावर जे हाती लागेल ते वाचू लागलो. त्यातले थोडे तुम्हांला सांगतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव तुम्हांला ठाऊक आहे. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ साली, ती ३८ परिचारिका घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारी येथील इंग्रजांच्या लष्करी रुग्णालयात गेली. तेथे सैनिक जखमांपेक्षा हगवण, कॉलरा आणि तापाच्या साथींनीच अधिक मरत होते. रात्री हातात दिवा घेऊन खाटांमधून फिरणारी नाइटिंगेल सर्वांच्या लक्षात राहिली आहे. माझ्या मते तिच्या दिव्याइतकीच तिची पत्रेही लक्षात राहावयास हवी होती. एखादा सैनिक मरण पावला, की दूर इंग्लंडमध्ये असलेल्या त्याच्या आईला किंवा पत्नीला ती पत्र लिही. तुमचा मुलगा शेवटी काय बोलला, त्याने कोणाची आठवण काढली, त्याच्याजवळ कोण होते, हे ती कळवी. त्याच्यामागे राहिलेले पैसे आणि वस्तू घरी पोहोचतील अशी व्यवस्था करी. ज्या आईला मुलाचे तोंडही पाहायला मिळाले नाही, तिच्यासाठी ते पत्र म्हणजे मुलाची शेवटची भेटच असे. शुश्रूषा रुग्णाच्या श्वासाबरोबर संपत नाही, घरच्या माणसांपर्यंत ती पोहोचते, हे नाइटिंगेलने अशा रीतीने दाखवून दिले. तिच्या गौरवासाठी जमलेल्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली.

याच शाळेत ऐंशी वर्षांनी, १९४० साली, एक उंच, अबोल मुलगी दाखल झाली. तिचे नाव सिसिली साँडर्स. ती ऑक्सफर्डला शिकत होती. पण दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा पुस्तके बाजूला ठेवून ती परिचारिका होण्यास आली. काम तिला मनापासून आवडले. पण तिच्या पाठीत उसण भरे, वजन उचलता येत नसे. परिचारिकेचे काम म्हणजे दिवसभर वाकणे आणि रुग्णाला उचलणे. शेवटी वैद्यांनी तिला ते काम सोडण्यास सांगितले. तिने उरलेले शिक्षण पुरे केले आणि रुग्णालयातच रुग्णांच्या घरच्या अडचणी पाहणारी समाजसेविका म्हणून ती काम करू लागली.

१९४७ साली तिच्याकडे डेव्हिड टास्मा नावाचा एक रुग्ण आला. वय चाळीसच्या आसपास. तो ज्यू होता, पोलंडमधील वॉर्सा शहरातून आलेला, आणि लंडनमध्ये एका उपाहारगृहात वाढप्याचे काम करी. त्याला कर्करोग झाला होता व शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता. इंग्लंडमध्ये त्याचे आप्त म्हणावे असे कोणी नव्हते. मरणापेक्षाही एक गोष्ट त्याला अधिक बोचत होती. आपण जगलो काय आणि न जगलो काय, जगात आपली कसलीच खूण राहणार नाही, असे त्याला वाटे.

सिसिली त्याला भेटायला जाऊ लागली. तो पुढे दुसऱ्या रुग्णालयात गेला, तेथेही ती जाई. गजबजलेल्या वॉर्डात, शेजारी दुसऱ्या खाटा खेटून असताना, दोघे बोलत बसत. मरणाऱ्या माणसाला खरोखर काय हवे असते, ते मिळेल अशी एखादी जागा असावी, ती कशी असावी, याविषयी ते बोलत. एकदा त्याने तिला मनाला आधार वाटेल असे काही ऐकवायला सांगितले. बायबलातील काही स्तोत्रे तिला मुखोद्गत होती, ती तिने म्हटली. आणखी हवे असेल तर पुस्तकातून वाचून दाखवते, असे ती म्हणाली. त्याने नको म्हटले. जे तुझ्या बुद्धीत आणि हृदयात आहे तेवढेच मला हवे, अशा अर्थाचे तो बोलला. हे बोलणे तिने जन्मभर जपून ठेवले.

१९४८ च्या फेब्रुवारीत टास्मा वारला. त्याने आपल्यामागे ५०० पौंड सिसिलीच्या नावे ठेवले होते. तुझ्या त्या घरात मी एक खिडकी होऊन राहीन, असे त्याने तिला सांगितले होते. घराचा तर अजून पायाही नव्हता! आधी खिडकी मिळाली आणि मग तिच्याभोवती घर बांधायचे, असा हा उलटा प्रकार. त्या घराला पुढे एकोणीस वर्षे लागली.

ती वर्षे तिने कशी काढली ते थोडक्यात सांगतो. सायंकाळी ती सेंट ल्यूक्स नावाच्या एका रुग्णालयात स्वयंसेविका म्हणून मरणासन्न रुग्णांची सेवा करू लागली. एका शल्यचिकित्सकाने तिला सांगितले, की अशा रुग्णांना वैद्यच सोडून जातात. तेव्हा तू स्वतः वैद्य हो, म्हणजे तुझे म्हणणे वैद्य ऐकतील. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ती मुलांबरोबर पुन्हा विद्यार्थिनी होऊन बसली आणि १९५७ साली वैद्य झाली. परिचारिका, समाजसेविका आणि वैद्य अशी तिन्ही कामे एका माणसाने केल्याचे उदाहरण क्वचितच सापडेल.

लंडनमधील सेंट जोसेफ्स येथे जोगिणी मरणासन्न रुग्णांची सेवा करीत. तेथे तिने एक हजाराहून अधिक रुग्णांच्या वेदनांची बारकाईने नोंद केली. त्या काळी रुग्णालयांत रीत अशी होती, की रुग्ण कळवळू लागला म्हणजे मॉर्फिन टोचायचे. मॉर्फिन हे अफूपासून काढलेले औषध. त्याची चटक लागेल या भीतीने ते हात राखून देत. त्यामुळे रुग्णाचा सगळा दिवस घड्याळाकडे पाहण्यात जाई: आता दुखू लागेल, मग सांगावे लागेल, मग केव्हा तरी सुई मिळेल. सिसिलीने हे उलटे केले. दर चार तासांनी, पहिल्या मात्रेचा गुण संपण्याच्या आतच, दुसरी मात्रा द्यायची. आपल्याकडे पाऊस कोसळू लागल्यावर कोणी घर शाकारायला घेत नाही. ते मृगाच्या आधीच शाकारतात. तसेच हे. वेदनेची भीती गेली, की माणूस पुन्हा माणसांत येतो. बोलतो, हसतो, नातवंडांची चौकशी करतो.

पण तिला आणखी एक गोष्ट आढळली. एका बाईला तिने कोठे दुखते असे विचारले. बाईने पाठीपासून सुरुवात केली आणि बोलता बोलता घरातल्या माणसांवर पडलेला भार, मनाला वाटणारी भीती, असे सगळेच त्या दुखण्यात आले. तेव्हा वेदना केवळ शरीरात नसते हे तिने ओळखले. शरीराची, मनाची, संसाराची आणि 'हे माझ्याच वाट्याला का?' या प्रश्नाची अशा सगळ्या वेदना एकमेकींत गुंतलेल्या असतात. औषधाने त्यातील एक धागा सैल होतो. बाकीचे सोडवायला कोणीतरी जवळ बसून ऐकावे लागते.

येथे जरा थांबून मी तुम्हांला एका शब्दाकडे पाहायला सांगतो. भाषेच्या मास्तराला तेवढी मुभा असावी. पुष्कळ मुले 'सुश्रुषा' असे लिहितात. ते चूक आहे. मूळ शब्द 'शुश्रूषा' असा असून तो संस्कृतातील 'श्रु', म्हणजे ऐकणे, या धातूपासून झाला आहे. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचे म्हणणे ऐकण्यास उत्सुक असलेला शिष्य त्याची सेवाही करी, म्हणून पुढे या शब्दाला 'सेवा' हा अर्थ आला आणि मूळचा अर्थ झाकून गेला. मी हा शब्द फळ्यावर शेकडो वेळा लिहिला असेल. पण त्याचा अर्थ मला व्याकरणाच्या पुस्तकात कळला नाही. तो त्या व्हरांड्यातील बाकावर दिसला.

१९६७ साली लंडनच्या आग्नेय भागात, सिडनम येथे, सिसिलीचे घर उभे राहिले. प्रवाशांचा पाठीराखा मानल्या जाणाऱ्या संताच्या नावावरून त्याला सेंट क्रिस्टोफर्स असे नाव दिले. अशा संस्थेला इंग्रजीत हॉस्पिस म्हणतात. टास्माने दिलेल्या पैशांतून तेथे दर्शनी भागात एक मोठी, साधी काच बसवली. तिच्यावर रंग नाही की चित्र नाही. बाहेरचा उजेड आत येतो आणि आतल्यांना बाहेरचे जग दिसते.

या घरात रुग्णाबरोबर त्याचे कुटुंबही आपल्या हाती सोपवले आहे असे मानीत. लहान मुलांना मज्जाव नव्हता. सोमवार हा दिवस मात्र नातलगांनी भेटीला न येण्याचा ठेवला होता. हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. पण रोज येणाऱ्या थकलेल्या पत्नीला 'आज मी गेले नाही तर लोक काय म्हणतील' ही टोचणी असते. नियमच असला म्हणजे ती एक दिवस निःशंक मनाने झोपू शकते. अशी युक्ती, रुग्णाशेजारी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे ज्याने पाहिली, त्यालाच सुचते. १९६९ पासून येथील परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. रुग्ण गेल्यानंतर त्याच्या माणसांपैकी कोणाला हे दुःख एकट्याने पेलणार नाही, हे परिचारिका जाणून असत, कारण आठवडेच्या आठवडे त्यांनी त्या माणसांना पाहिलेले असे. मग त्या घरी पुढे कोणीतरी भेटायला जाई.

दुःखी माणूस नेहमी रडतोच असे नाही. कधी तो परिचारिकेवरच संतापतो: तुम्ही वेळेवर आला नाहीत, तुम्ही लक्ष दिले नाही. अनुभवी परिचारिका त्या वेळी वाद घालीत नाही. तो राग आपल्यावर नाही, मृत्यूवर आहे. मृत्यू समोर सापडत नाही म्हणून तो आपल्यावर निघाला, हे ती जाणते. लहान मुलांचे दुःख तर आणखी वेगळे. मूल आता रडते आणि पाच मिनिटांनी गोट्या खेळू लागते. मोठी माणसे म्हणतात, 'पाहा, विसरला.' तो विसरलेला नसतो. एवढे मोठे ओझे त्याला सलग उचलवत नाही, म्हणून तो ते थोडे थोडे उचलतो. आजोबा झोपले आहेत, देवाघरी फिरायला गेले आहेत, असे मुलांना सांगू नये, असे या परिचारिका सांगतात. ज्याला तसे सांगितले ते मूल रात्री स्वतः झोपायला घाबरते, नाहीतर दाराकडे डोळे लावून बसते. मला उघडे वाटलेले सिस्टरांचे ते शब्द किती विचाराने उच्चारलेले होते, ते पुढे हे वाचल्यावर मला उमगले.

सिसिली साँडर्स २००५ साली, सत्त्याऐंशीव्या वर्षी, कर्करोगानेच वारली. तिने स्वतः उभारलेल्या त्याच घरात तिची अखेरची शुश्रूषा झाली.

हे लोण आपल्याकडेही आले. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली भारतातील पहिले हॉस्पिस सुरू झाले. त्याचे नाव शांती अवेदना सदन. वेदना नसणे ती अवेदना; इतके साधे आणि नेमके नाव ज्याला सुचले त्याचे मला कौतुक वाटते. बऱ्या न होणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांना तेथे ठेवून घेतात. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही या संस्थेने अशी घरे काढली. केरळात १९९३ पासून निराळी वाट निघाली. तेथे परिचारिका आणि गावातील स्वयंसेवक मिळून रुग्णाच्या घरीच जातात. आपल्या देशात बहुतेकांना शेवट आपल्या घरी, आपल्या माणसांत व्हावा असे वाटते. त्यांना ही रीत जवळची वाटली तर नवल नाही.

या परिचारिकांनाही दुःख होते, हे सांगायचे राहिले. महिना महिना ज्याला भरवले तो माणूस एका सकाळी खाटेवर नसतो आणि तासाभरात त्या खाटेवर नवी चादर घालावी लागते. मी ज्या सिस्टरांना भेटायला गेलो होतो, त्यांना मी विचारले, "तुम्हांला रडू येत नाही का?" "येतं," त्या म्हणाल्या, "औषधांच्या खोलीत जाऊन रडते. मग तोंड धुऊन बाहेर येते." बोलताना त्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या करीत होत्या, हात थांबले नव्हते.

मग मी त्यांना त्या मुलाचा प्रश्न सांगितला. दहाव्याला मी काय बोललो तेही सांगितले. मला वाटले, त्या मला दोष देतील. त्यांनी दिला नाही. त्या म्हणाल्या, "गुरुजी, त्याचं रडणं आपल्याला बघवत नाही, म्हणून आपण 'रडू नको' म्हणतो. आता त्याला काही सांगायला जाऊ नका. विचारा. वडिलांचं नाव घेऊन विचारा. घरात सगळे ते नाव टाळत असतील. आणि विचारून झाल्यावर गप्प बसा. गप्प बसणं शिक्षकांना अवघड जातं, मला ठाऊक आहे. माझे वडील शिक्षक होते."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या मुलाला थांबवून घेतले. आम्ही व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. तो जेथे बसला त्याच पायरीवर मीही बसलो. मी म्हणालो, "मी चुकलो होतो. सिस्टरांचं ऐक." तो काही बोलला नाही. मग मी त्याच्या वडिलांचे नाव घेतले आणि विचारले, "त्यांनी तुला काय काय शिकवलं रे?"

बराच वेळ तो पायाच्या अंगठ्याने माती उकरीत होता. मला चार वेळा बोलावेसे वाटले. चारही वेळा मी ओठ मिटून घेतले. मैदानावरची मुले निघून गेली, चिमण्या कौलांत शिरल्या. मग तो म्हणाला, "पोहायला."

आणि तो सांगू लागला. मळ्यातली विहीर, कमरेला बांधलेला सुकलेला भोपळा, पायऱ्यांवर उभे राहून ओरडणारे वडील, आणि एके दिवशी न सांगता त्यांनी सोडून घेतलेली भोपळ्याची गाठ. मध्येच त्याला रडू कोसळले. रडता रडताच तो पुढचे सांगत राहिला: तो कसा बुडाला, नाकातोंडात कसे पाणी गेले, कपड्यांनिशी वडिलांनी कशी उडी घेतली आणि वर आल्यावर दोघे कसे हसले. शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला. मी त्याला हातानेच थांबायची खूण केली. तोही शेजारच्या पायरीवर बसला आणि ऐकू लागला. त्या संध्याकाळी शाळेला कुलूप लागायला पुष्कळ उशीर झाला.